बलुतं, मस्टर आणि उचल

मागे नगरला आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत एका पोराने कविता वाचली. पोरगं पाथर्डीकडचं, माझ्याच मुलखातलं, चांगलं तडफदार. कवितेत भूक सात वेळा आली. मी बोटांवर मोजली. भुकेचा वणवा झाला, भुकेचा सूर्य झाला, शेवटी भुकेची तलवार झाली आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग चहाच्या वेळी त्याला विचारलं, "बाळा, तुझी आई कामाला जाते ना? तिला रोज किती पडतो?"

पोरगं गप्प. थोड्या वेळाने म्हणालं, "ताई, ते कवितेत नाही येत."

का नाही येत? या एका प्रश्नापायी हा लेख लिहायला घेतला. त्या पोराला झोडपायचं म्हणून नव्हे. त्याचं वय आहे, त्याला वणवा दिसणारच. पण मोठ्यांच्या लिहिण्यातसुद्धा मला हेच दिसत आलंय. आपल्या साहित्यात भाकरी फार आहे, पण भाकरीचा हिशेब फार कमी आहे. भाकरी प्रतीक झाली की ती कोणालाही चालते. सदाशिव पेठेतल्या समीक्षकालाही चालते. तो तिला 'अस्सल अनुभव' म्हणतो, डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी कामवालीचे दोन खाडे कापतो. हिशेब मांडला की मात्र त्याला कळेनासं होतं की हे साहित्य आहे की युनियनचं पत्रक.

आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. मी अंगणवाडी सेविका होते. आयुष्यभर मला पगार मिळाला नाही, मानधन मिळालं. हा शब्द नीट वाचा. पगार म्हटला की किमान वेतनाचा कायदा येतो, मानधन म्हटलं की येत नाही. गावातल्या पोरांची वजनं करा, खाऊ शिजवून घ्या, गरोदर बायांच्या नोंदी ठेवा, वर निवडणुकीचीही कामं. पण तुम्ही कामगार नाही, तुम्ही स्वयंसेवी. मान सरकारकडे राहिला आणि धन तर दिसलंच नाही. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने अंगणवाडीच्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं, तेव्हा कुठे कोणाच्या तरी कागदावर आम्ही राबणारी माणसं ठरलो. तर शब्दाने पोट कसं कापता येतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता 'बलुतं'. दया पवार आपल्या जिल्ह्याचे, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. १९७८ साली पुस्तक आलं. त्याच्यावर इतकं लिहून आलंय की गाडी भरेल. आत्मकथन, विद्रोह, दुभंगलेलं मन, दगडू आणि दया पवार यांचा संवाद, सगळं झालं. पण नावाकडे कोण बघतं? बलुतं म्हणजे काय? मजुरी. महाराने गावाचं काम करायचं, सांगावा न्यायचा, मयताची खबर पोचवायची, लाकडं फोडायची, सायबाच्या घोड्यापुढे पळायचं, आणि बदल्यात सुगीला धान्याचा वाटा. या कामाला ना वेळ ठरलेली, ना माप. रात्री हाक आली तरी उठायचं. आणि वाटा किती? देणाऱ्याची मर्जी. वर त्याला 'हक्क' म्हणायचं. बावन्न हक्कांची कथा आपले म्हातारे कौतुकाने सांगायचे. हक्क कसले, मजुरी नाकारण्याची ती सोय होती. मजुरी ठरवली तर भांडता येतं. वाट्यासाठी ओटी पसरावी लागते.

पवारांनी पुस्तकाला नाव दिलं ते वेतनाचं नाव दिलं. मराठी समीक्षेने ते जातीचं दुःख म्हणून वाचलं. जातीचं दुःख तर आहेच. पण जात म्हणजे नुसता विटाळ नव्हे, जात ही मजुरी ठरवण्याची रीत आहे, हे त्या नावातच आहे. मला हे पुस्तक मोठं वाटतं ते त्यातल्या लाजेमुळे नव्हे. लाज तर पुष्कळांनी लिहिली. कोण काय काम करत होतं आणि त्याला काय मिळत होतं हे पुस्तकभर विखरून पडलंय. गावात महारकी, मुंबईत कावाखान्यात हमाली नि चिंध्या-कागद वेचणं. ते गोळा करून वाचणारा समीक्षक अजून यायचाय.

बाबासाहेबांनी ते आधीच वाचलं होतं. १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्यांनी वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, ते काय होतं? महाराच्या कामाला ठरलेला मोबदला असावा ही मागणी होती. १९३९ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात हरेगावला वतनदार महार-मांगांची परिषद झाली, ती वतनाच्या जमिनीवर वाढवलेल्या जुडीविरुद्ध. म्हणजे काम फुकट आणि वर सारा वाढवून. त्याआधी १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण भाषणात पहिला शत्रू सांगतो आणि दुसरा चहाच्या वेळी विसरतो. आणि १९४६ च्या एप्रिलात मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचं बिल केंद्रीय कायदेमंडळात मांडलं तेही बाबासाहेबांनीच. कायदा झाला १९४८ ला, तेव्हा मजूर खात्यावर जगजीवनराम होते. वतनं खालसा करणारा कायदा आला १९५८ ला. संविधानाच्या ४३ व्या कलमात तर 'किमान' हा शब्दही नाही, तिथे निर्वाह वेतनाची गोष्ट आहे, माणसाला नीट जगता येईल, फुरसत मिळेल, संस्कृतीत भाग घेता येईल एवढं वेतन. मित्रहो, संस्कृती हा शब्द वेतनाच्या कलमात आहे. कवी लोकांनी तेवढं तरी वाचावं.

मग 'किमान' म्हणजे किती? याचं उत्तर १९५७ साली दिल्लीत पंधराव्या श्रम परिषदेने दिलं. मी ते एखाद्या साहित्यकृतीसारखं वाचते, कारण त्यात एक कुटुंब आहे. नवरा, बायको, दोन पोरं. नवरा खाण्यापुरता एक, बायको शून्य पूर्णांक आठ, पोरं शून्य पूर्णांक सहा प्रत्येकी. बेरीज तीन. प्रत्येक एककाला २७०० कॅलरी, डॉक्टर आयक्रॉइड यांच्या हिशेबाने, मध्यम कष्ट करणाऱ्या माणसाला लागतात तेवढ्या. कपडा माणशी वर्षाला १८ वार, चौघांचा ७२. घरभाडं सरकारी औद्योगिक घरकुलाच्या किमान जागेचं. जळण, दिवाबत्ती वगैरेला एकूण वेतनाच्या २० टक्के. आणि बायकोची, पोरांची कमाई धरायची नाही. एकाच्या वेतनात सगळे जगले पाहिजेत.

हे वाचून पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? कोणीतरी बसून आपल्या ताटातलं मोजलं, हीच मोठी गोष्ट. मग आईचं लुगडं आठवलं. माझी आई नऊवारी नेसायची. १८ वार म्हणजे दोन लुगडी. संपला कोटा. चोळीला कापड नाही, आणि ऊसतोडीत लुगडं वर्षभर टिकत नाही, पाचटाने चिरतं. त्या कुटुंबात म्हातारी सासू नाही. बाळंतपण नाही, आजारपण नाही, शाळेची फी नाही, बुद्धजयंती नाही, लग्न नाही, मयत नाही. शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांच्यासाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत हे सुप्रीम कोर्टाने म्हटलं १९९१ मध्ये. चौतीस वर्षं कागदावरचं कुटुंब न आजारी पडता, न शिकता जगत होतं. आणि 'मध्यम कष्ट' कोणाचे? कारखान्याच्या पत्र्याखाली उभं राहणाऱ्याचे. पहाटे चारला उसाच्या फडात उतरणाऱ्या बाईचे कष्ट मोजायला आयक्रॉइडसाहेब काही पाथर्डीला आले नव्हते.

आणि बायको शून्य पूर्णांक आठ का? मान्य आहे, शास्त्र असेल. पण आमच्याकडे बायको सगळ्यांच्या शेवटी खाते, मग ते आठातलं किती उरतं ते शास्त्र सांगत नाही.

एवढं तोकडं माप, तेही सरकारने पाळलं असतं तर! २०१९ साली केंद्राच्याच तज्ज्ञ समितीने (अनुप सत्पथी यांची ती समिती) २४०० कॅलरींवर खाली येऊनसुद्धा, २०१८ च्या भावाने, दिवसाला ३७५ रुपये राष्ट्रीय किमान वेतन सांगितलं. सरकारने त्याच वर्षी जाहीर केलेला तळ होता १७८ रुपये. आधी १७६ होता, त्यात दोन रुपये घातले. दोन रुपये! नगरच्या स्टँडवर अर्धा चहाही येत नाही. आता जुना १९४८ चा कायदा गेला, नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. नाव बदललं, माप कोणाच्या हातात आहे ते बघत राहिलं पाहिजे.

आता कोयत्याकडे येते, कारण आपल्या जिल्ह्याची खरी वेतन-संहिता ती आहे. प्रवरेला लोणीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आशियातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतात, विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावं घेतात, घ्यावीत. जिल्ह्याचा एक भाग पाटपाण्याने गोड झाला. दुसरा भाग, म्हणजे आमचं पाथर्डी, शेवगाव, जामखेड, तिथून दिवाळीनंतर माणसं उठून तो गोडवा तोडायला जातात. सगळे आपलेच नाहीत. वंजारी आहेत, बंजारा आहेत, भिल्ल आहेत, कोरडवाहू मराठाही आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्यातले काही म्हणतात की हा आपला प्रश्न नाही.

कोयता म्हणजे काय हे शहरातल्या कार्यकर्त्याला माहीत नसेल. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, जोडपं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, बोली होते नवऱ्याशी, अंगठा नवऱ्याचा. दिल्लीच्या कागदावर बायकोची कमाई धरायची नाही, कारण नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात घर चाललं पाहिजे. फडात बायकोची कमाई धरत नाहीत, कारण ती नवऱ्याच्या नावात आधीच धरलीय. नियम एकच, 'बाईची कमाई मोजू नका'. तिकडे तो संरक्षण होता, इकडे चोरी झाला. १९५७ च्या त्या सज्जनांना हे ठाऊक नसेल. आपल्याला ठाऊक आहे ना? मग हे कोणी लिहिलं? मला एक कविता दाखवा जिच्यात कोयता क्रांतीचं हत्यार म्हणून न येता जोडपं म्हणून आलाय.

हिशेब मांडते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला पावणेतीनशेच्या आत होता तो ३६६ झाला. मोठी बातमी झाली. एक कोयता दिवसाला धडपडून दोन टन तोडतो असं धरा. ७३२ रुपये. दोघांचे. म्हणजे माणशी ३६६, आणि काम बारा-चौदा तास: तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून भरायच्या, रात्री गाडी आली तर रात्री भरायच्या. आठ तासांचा रोज काढला तर किती बसतो ते तुम्हीच भागून बघा. दीडशे दिवस एकही खाडा न होता काम झालं तर १,०९,८०० रुपये. उचल तेवढीच, लाखाच्या घरात, ती दिवाळीआधीच घराचं पत्र, सावकार आणि पोरीच्या लग्नात गेलेली. म्हणजे मजूर हंगाम सुरू होताना आधीच खाल्लेलं अन्न फेडायला फडात उतरतो. खाडा झाला की मजुरी तर जातेच, वर दंड. पाळी आली, पोटात दुखलं, तरी खाडा परवडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी पाहणी झाली; ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायांमध्ये १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. किमान वेतनावर माणूस नीट जगू शकतो का, असं विचारतात. जगतो. पिशवी काढून जगतो.

बलुत्यात आणि उचलीत फरक काय? बलुतं काम झाल्यावर मागायला लागायचं, उचल कामाआधी मिळते. दोन्हीत एक गोष्ट सारखी: काम आणि दाम यांच्यामध्ये माप नाही, मर्जी आहे. ऊस वजनकाट्यावर मोजतात हे खरं, पण काटा कारखान्याचा, वही मुकादमाची, आणि फिटलं किती, राहिलं किती हे तोंडी.

मस्टरबद्दल थोडक्यात लिहिते. ७२ च्या दुष्काळात मी लहान होते, आईबरोबर खडीच्या कामावर जायचे. आई खडी फोडायची, मी तिच्या सावलीला बसून लहान दगड पुढे सारायची. लाल मिलोची भाकरी आणि कामावरची सुकडी यांच्यावर ते वर्ष निघालं. पण आई शेवटपर्यंत त्या वर्षाबद्दल वाईट बोलली नाही. म्हणायची, "आगं, तवा पयल्यांदा माजं नाव मस्टरवर आलं. त्येच्या नावाखाली न्हाई, माजं." राज्यात १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तो त्याच मस्टरांतून. मजुरी थोडी, मापात मारामारी, पण बाईला स्वतःचं नाव आणि स्वतःचा रोज. कोयत्यात ते नाही. म्हणून आमच्याकडच्या बाया रोजगार हमीचं काम गावात निघालं की फडात जायला कुरकुरतात, आणि म्हणूनच ते काम निघू नये असं पुष्कळांना वाटतं.

१९८३ साली सुप्रीम कोर्टाने राजस्थानच्या दुष्काळी कामांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणं ही वेठबिगार आहे, दुष्काळ असला तरी. तेवीसावं कलम. आपल्या बापजाद्यांची वेठबिगार ती हीच. आणि २००५ च्या केंद्राच्या रोजगार कायद्याने काय केलं? सहाव्या कलमात लिहून ठेवलं की किमान वेतनाच्या कायद्यात काही असलं तरी मजुरी केंद्र ठरवेल. २०२५-२६ साली महाराष्ट्रात ती ३१२ रुपये होती. हमीचे पूर्ण १०० दिवस मिळाले तर वर्षाचे ३१,२०० आणि महिन्याचे २६००. तीन एककं घ्या, सिलिंडर घ्या, आणि बसवा.

आणखी एक प्रकार आहे. माझा मावसभाऊ एका गावात कंत्राटावर झाडूकाम करतो. त्याच्या पासबुकात किमान वेतन पुरतं जमा होतं, पैसान्पैसा. एटीएम कार्ड मात्र कंत्राटदाराच्या माणसाकडे. तो पैसे काढून आणतो आणि निम्म्याच्या आसपास हातावर ठेवतो. कागद स्वच्छ. भावाला म्हटलं, तक्रार कर. म्हणाला, "ताई, काम जाईल. जातीतलीच पन्नास पोरं रांगेत उभी आहेत." कायदा मोडायचा झाला तर आता कायदा पाळून मोडतात.

तर साहित्य. आपल्यातली एक जुनी भांडणाची जागा इथे येते आणि मी ती टाळणार नाही. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्याने दलित या शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया सगळे घेतले. १९७४ ला त्यावरून पँथर फुटली. एका बाजूने म्हणाले हा मार्क्सवाद आहे, दुसऱ्या बाजूने म्हणाले तुमचा नुसता धर्मवाद आहे. त्या भांडणाचा एक परिणाम अजून चालू आहे: मजुरीबद्दल बोललं की आपल्याकडे कोणीतरी 'कॉम्रेड' म्हणून हसतं. वेतन लाल झेंड्याचं, स्वाभिमान निळ्याचा, अशी वाटणीच झाली. ही वाटणी बाबासाहेबांनी केलेली नाही. स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ साली त्यांनीच काढला होता. १९५८ साली मुंबईच्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊंनी पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नसून राबणाऱ्यांच्या तळहातावर आहे असं सांगितलं. ते वाक्य आपण बॅनरवर लावतो. पण तळहाताचा दर काय, हे त्यांच्या पुढच्यांनी विचारायचं होतं.

हे ज्यांनी केलं त्यांत बायका जास्त आहेत, आणि हा योगायोग नाही. बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवत होत्या, तिथल्या गल्ल्यावर बसून 'जिणं आमुचं' लिहिलं गेलं. १९८६ साली पुस्तक झालं. त्यांच्या बाया घाम गाळतात तेव्हा किती मिळालं हेही बाईंच्या ध्यानात असतं. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं. आयदान म्हणजे आई विणायची ती बांबूची भांडी, टोपल्या. पुढे समीक्षकांनी त्या विणीचं रूपक केलं, बाईंनीही केलं असेल. पण आधी ती विकायची वस्तू आहे, तिला भाव आहे, त्या भावावर घर चाललंय. बलुतं, आयदान: आपल्या दोन मोठ्या पुस्तकांची नावं कमाईची नावं आहेत. हे अजून कोणी एका ओळीत मांडलेलं मी वाचलं नाही.

माझ्यावर आक्षेप येईल की मग कवितेत दरपत्रक लिहायचं काय? तसं नाही. वणवाही लिहा. पण ज्याला आईचा रोज माहीत आहे त्याचा वणवा वेगळा पेटतो, ते ऐकताना कळतं. ज्याला माहीत नाही त्याची भूक कोणाचीही भूक असते, बंगालातली, बिहारातली, पुस्तकातली. दुसरा आक्षेप, जो मला जास्त बोचतो: आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याने विचारलं की गावात सन्मान नसेल तर ५०० रुपये रोज घेऊन काय करायचं? त्याचं मी लगेच उत्तर दिलं नाही, अजूनही पूर्ण देता येत नाही. एवढंच सांगते, १९७२ ला आईला जो सन्मान वाटला तो मस्टरवरच्या नावात होता. कोणी तिला नमस्कार केला म्हणून नव्हता.

ते पोरगं परत आलं. या खेपेला कविता नव्हती, वही होती. आईला विचारलं होतं म्हणे. आई आधी चिडली, "तुला काय करायचंय?" मग बोलली. पोराने लिहून आणलं: उचल किती, टन किती, खाडे अकरा, वाढं विकून आलेले पैसे, दवाखाना, मुकादमाने सांगितलेली बाकी. बाकी पुढच्या हंगामावर ओढलेली. पान संपत आलं तिथे पोराने आईचं नाव लिहून ठेवलं होतं, कारण मुकादमाच्या वहीत ते नव्हतं. मला म्हणालं, "ताई, याचं पुढं काय करू?" मी म्हटलं, सध्या असंच ठेव, अजून चार घरांचं आण.

पुढच्या बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातल्या नाहीतर शेजारच्या एका बाईचा एका दिवसाचा हिशेब लिहून आणावा: काम किती वाजता सुरू, किती वाजता बंद, पैसे किती, ते कोणाच्या हातात पडले. कविता असेल तर तीही आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, मी लिहून घेईन.